तात्या आत हाय का?

आधीच एक सांगून ठिवतुय. ह्या सगळ्या गोष्टींची किंमत शेवटाला एकाच मानसानं मोजली. कुनी, ते आत्ता वळखा आन मनात धरून बसा. बरूबर आलं तर माझी ही टोपी तुमची. आजवर ही टोपी माझ्याच डोक्यावर हाय, त्यातच काय ते समजून घ्या.

आमचं बसायचं ठिकान म्हंजी डेअरीम्होरचा कट्टा. पलूसपासनं वाईच आत गाव आमचं. सांजचं मानसं दूद घालाय येत्यात, किटल्या लाइनीत ठिवत्यात आन नंबर येस्तवर बसत्यात. बसला की मानूस बोलतुय. दुदावर साय धरती तसं ह्या कट्ट्यावर किस्सं धरत्यात. काडून टाका, उद्या परत हाईतच. मला लिवायवाचाय काय जमत न्हाई, सही तेवढी करतुय, ती बी रोज येगळी येती. म्हनून त्वांडानंच सांगतुय.

आमी चौगं. एक मी, मला गावात बापू म्हंत्यात. माघारी काय म्हंत्यात ते बायामानसात सांगाय येत न्हाई. दुसरा सुभेदार, फौजेतनं पेन्शनीवर आल्याला, अजून चपला काडल्या तरी परेडवानी काडतुय. तिसरा ग्यानू तात्या, एका म्हशीचा मालक आन त्याच म्हशीचा नवकर. आन चवथं आमचं आण्णा मास्तर. हायस्कुलात सायन्स शिकवायचं. मास्तर रिटायर झालं, पर त्यांचं सायन्स काय रिटायर हुईना.

*

मास्तर दिवसभर मोबाइलवर मेंदूची भाषनं ऐकत्यात आन सांजचं ती आमच्यावर रिकामी करत्यात. एकदा म्हनलं, "मन म्हणून वेगळं काही नसतं रे. मेंदूत करंट फिरतो, त्यालाच आपण मन म्हणतो. आत्मा कुणी बघितलाय?"

सुभेदार म्हनला, "करंटच असंल तर आमच्या हिला वायरमन दावाय पायजे. सांज झाली की फेज जातुया."

"चेष्टा नाही सुभेदार. मेंदू बंद, माणूस बंद. आत दुसरं कुणी बसलेलं नसतं."

मला तवाच डाऊट आला. कारन मास्तर जैनाचं. कांदा न्हाई, लसून न्हाई, बटाटा तर न्हाईच. दिस बुडायच्या आत जेवून मोकळं. जमिनीखाली जे वाडतंय त्यात जीव लय असत्यात, ते खायाचं न्हाई, असं त्यांच्यात हाय.

मी इचारलं, "मास्तर, मानसात आत्मा न्हाई म्हंतासा. मंग बटाट्यात कुटनं आला?"

तात्या यवढा हसला की त्याची किटली लवंडली. मास्तरांनी चष्मा काडून पुसला. मंग बारीक आवाजात म्हनलं, "तो सायन्सचा विषय नाही. तो आईचा विषय आहे."

आई म्हंजी आक्का. नव्वदीला टेकल्याली, पाठीचं धनुष्य झाल्यालं, पर मास्तर अजून तिच्यासमूर पाय पसरून बसत न्हाईत. आक्काचं सगळं नेमाचं. चैन एकच, सांजचा घोटभर च्या, त्यो बी तात्याच्या म्हशीच्या दुदाचा. दुसऱ्या दुदाचा केला की कप नाकाशी न्हिऊन वळखायची आन सरकवून द्यायची. डेअरीचं फॅटचं मशीन फसंल, आक्का फसायची न्हाई.

*

सुभेदाराचा मोबाइलवर काडीचा इस्वास न्हाई. ह्यो दुस्मनाचा खबरी हाय म्हंतुय. काय खाजगी बोलायचं झालं की त्यो मोबाइल रिकाम्या किटलीत टाकून वरनं झाकन लावतुय. एकदा त्याच किटलीत त्याच्या सुनंनं दूद वतलं. खबरी बुडून मेला, पर सुभेदार म्हनला, शहीद न्हाई म्हनायचं.

मास्तर म्हनलं, "तो ऐकतो की नाही ते सोड. पण तुझ्या मनात काय चाललंय ते तुझ्या आधी त्याला कळतं. तुझ्या बायकोपेक्षा तो तुला जास्त ओळखतो."

"बायकूला तरी म्या कुटं वळखू दिलंय," सुभेदार म्हनला.

मला मातुर ऱ्हावंना. मला टायपाय येत न्हाई, पर मोबाइलवरचा त्यो माइक मला ठावा हाय. आमी अडानी मानसं त्याच्यावरच तर मोबाइल चालीवतुय. तात्या तर सगळ्यांस्नी निस्तं बोलूनच मेसेज धाडायचा. तर मास्तर लघवीला उठलं की मी त्यांचा मोबाइल घ्यायचा, माइक दाबायचा आन म्हनायचं, "मटन. तांबडा रस्सा. पांढरा रस्सा." तात्या बाजूनं साथ द्यायचा, "खिमा राह्यला की रं."

आता झालं काय, आक्का त्याच मोबाइलवर महाराजांचं प्रवचन ऐकती. त्या दिशी प्रवचन संपलं न्हाई तवर खाली मटनाच्या व्हिडिओतली हंडी रटरटाय लागली. एका हंडीमागं दुसरी हंडी.

"आण्णा, ह्ये काय रं?"

"आई, हे बापूचं काम आहे. माझा काही संबंध नाही."

आक्का शांतपनी म्हनली, "पर तूच म्हनाला हुतास नव्हं? ह्याला मानसाच्या मनातलं कळतंय."

मास्तरांच्या सायन्सनं मास्तरांस्नीच धरलं. आक्का रागं भरत न्हाई कवा. पोराचं चुकलं असं वाटलं की ती सोताच काय तरी सोडती, ही तिची जुनी रीत. त्या बारीला तिनं काय दिस गूळ सोडला. सुभेदार मला म्हनला, "मटन तू मागवलंस, नाव मास्तराचं झालं, आन गूळ म्हातारीनं सोडला. फौजेत असला न्याय न्हाई गड्या."

मला वाईट वाटलं. वाईचच, पर वाटलं.

*

एकदा मास्तर नवंच घिऊन आलं. म्हनलं, "हात उचलायचं आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. पण मेंदूनं ते आधीच ठरवलेलं असतं, असं काही जण म्हणतात. आपल्याला फक्त मागून बातमी कळते."

सुभेदाराला ते लगीच पटलं. "करेक्ट. पल्टनीतबी तसंच असतंय. आर्डर वरनं सुटती. जवानाला मागनं कळतंय की आपून चाललूया."

तात्या इचारात पडला. "मंग मास्तर, चोर गावला तर जेलात कुनाला घालायचं? त्याला तर बिचाऱ्याला मागनं कळलंया."

"हाच तर मोठा प्रश्न आहे तात्या. सगळ्या समाजाला आता विचार करावा लागणार."

मी इचार केला न्हाई. मास्तरांची चप्पल उचलली आन डेअरीच्या पत्र्यावर भिरकावली.

"बापू, काय केलंस हे?"

"मी कुटं मास्तर? मेंदूनं केलं. मला बी आत्ताच कळतंया."

मास्तर अनवानी घरला निगालं. जाताना मला शिवी दिली, त्यांची शिवी म्हंजी निस्तं "मूर्खा". मी मागनं वरडलो, "तुमी न्हाई दिली, तुमच्या मेंदूनं दिली. मी मनावर घेत न्हाई मास्तर!"

*

मंग तात्या पडला.

गोठ्यातच पडला, शेनाची पाटी हातात हुती. उजवी बाजू गेली आन वाचा गेली. सांगलीच्या दवाखान्यात लय दिस ठिवला, मंग घरी आनून म्होरल्या सोप्यातल्या खाटंवर घातला. डोळं उघडं. बगायचा, पर कुनाकडं बगतुय ते कळायचं न्हाई. हाक मारली तर हूं न्हाई का चूं न्हाई.

त्याचा पोरगा इलास पुन्यात कंपनीत हाय. पोरगं वाईट न्हाई, उगं त्याला खलनायक करू नका. बा पडला, आई थकली, आपून लांब, म्हनून काळजीनंच म्हनला, "बाबांना पुण्याला नेतो. सहावा मजला आहे, पण लिफ्ट आहे. म्हैस विकून टाकू."

पारूवैनी, तात्याची बायकू, चुलीम्होरनं उठली न्हाई. "त्यास्नी इचार," म्हनली.

"आई, त्यांना आता काय कळतंय?"

"सगळं कळतंय. त्यो गोठा दिसल्याबिगर ह्यो मानूस जगायचा न्हाई."

इलास मास्तरांच्या हाताखाली शिकल्याला. त्यानं तात्याच्या डोस्क्याचा दवाखान्यातला फोटू मास्तरांम्होरं धरला. "सर, बाबांना कळत असेल आणि त्यांना इथंच राहायचं असेल, तर मी म्हशीला हात लावत नाही. शब्द देतो. पण त्यांना काहीच कळत नसेल तर आईला कशाला मरू देऊ? डॉक्टर आज एक सांगतात, उद्या एक. तुम्ही रोज बघताय. तुम्ही सांगाल ते."

मास्तरांनी फोटू उजेडाला धरला, चष्मा वर केला, खाली केला. म्हनलं, "बोलण्याचा भाग गेलाय. समजण्याचा पण गेला असावा. श्वास चालू आहे रे. पण ज्याला आपण तात्या म्हणत होतो, तो..." आन पुढं निस्ता हात हालवला.

वैनीनं त्यो हात बगितला. चुलीत लाकूड जरा जोरातच सारलं.

ठरलं असं, की दिवाळीला इलास येनार, लोणंदच्या बाजारचा यापारी संगं आननार, आन मास्तरांचा शबुद आखरी. मास्तर कळत न्हाई म्हनलं की म्हस बाजारला, तात्या पुन्याला.

कट्ट्यावर सुभेदार मला म्हनला, "बापू, मला ह्यात काय तरी काळंबेरं वाटतंया. आज तात्या गप पडला तर म्हंत्यात आत कोन न्हाई. उद्या आपून गप बसलू तर आपल्यालाबी तसंच म्हंत्याल. बोलत ऱ्हायाय पायजे." तवाधरनं सुभेदार झोपंतबी बडबडतुया, असं त्याची सून सांगत हुती.

*

आता म्हशीचं ऐका. तात्यानं ती पाटनच्या बाजूनं आनल्याली, म्हनून तिचं नाव कोयना. आन ती एकहाती. म्हंजी एकाच मानसाच्या हाताला दूद देनारी. तात्यानं पाठीवर थाप मारायची, जिबंनं टक टक करायचं, वाईच शिवी द्यायची, मंग म्हाराणी पान्हा सोडायच्या. दुसऱ्यानं कासंला हात लावला की लाथ.

तात्या पडला आन कोयनेनं दूद चोराय सुरवात केली. रेडकू प्यायचं, मानसाला थेंब न्हाई. आक्काचा च्या बंद. आनल्याल्या पिशवीच्या दुदाचा कप ती रोज नाकाशी न्ह्यायची आन रोज सरकवायची.

कुनी सांगितलं, तात्याचं कापडं घालून बसा. म्हशीला वासानं वाटतंय आपलाच मानूस. सुभेदार पुढं झाला. तात्याची पैरन घातली, पटका बांधला, गुडघ्यात बादली धरली. मी म्हनलो, "शिवी बी दे, न्हाईतर वळखंल." सुभेदारानं फौजेतली दिली, हिंदीत.

कोयनेनं मान वळवून त्याच्याकडं असं बगितलं, जसं चेकनाक्यावरचा पोलीस लायसन बगतुय. मंग बादली एकीकडं आन सुभेदार उकिरड्यात.

"हाड मोडलं का काय रं?" मी इचारलं.

"न्हाई," उकिरड्यातनं आवाज आला. "पर म्हशीला हिंदी कळतंय. डाऊट न्हाई."

*

मंग मास्तरांनी सायन्स काडलं. म्हनलं, तात्याचे मोबाइलवरचे मेसेज आहेत आपल्याकडं. ते मशीनला ऐकवायचे. मशीन त्याचा आवाज शिकतं. मग आपण लिहू ते तात्याच्या आवाजात बोलतं.

मी म्हनलो, "म्हंजी तात्या न बोलताच तात्या बोलनार?"

"हो."

"मंग उद्या माझ्या आवाजात कुनीबी कुनालाबी जिमीन दिईल."

"म्हणून तर शहाण्या माणसानं ऐकलेल्या आवाजावर विश्वास ठेवू नये," मास्तर म्हनलं आन बटान दाबाय गोठ्यात शिरलं.

गोठ्यात आमी तिघं. मास्तरांनी मोबाइल कोयनेच्या कानापाशी धरला. आन आईच्यान सांगतुय, तात्या बोलला. तोच खरखरीत, तंबाकूनं घासल्याला आवाज. माझ्या अंगावर काटा आला. घरात भांडं पडल्याचा आवाज झाला आन वैनी पळत दारात आली. पदर न्हाई डोक्यावर, पिठाचं हात, डोळं असं झाल्यालं की मला तिच्याकडं बगवंना. तिनं गोठ्यात बगितलं, मोबाइल बगितला, मास्तर बगितलं.

"मास्तर," म्हनली, "परत ह्यो आवाज माझ्या दारात काडायचा न्हाई." आन आत गेली.

म्हस काय करती म्हनून आमी बगतुय. तिनं कान टवकारलं, चार पावलं म्होरं आली, मोबाइलचा वास घेतला. मंग लांब जीब काडून त्यो चाटला, ढुशी मारली आन शेनात पाडला.

मास्तरांनी शेनातनं उचलला. "आवाज हुबेहूब होता. का नाही कळलं तिला?"

"तुमी त्यात लिवलं काय हुतं मास्तर?"

मास्तर म्हनलं, "काय म्हणजे? 'कोयना, कृपया दूध दे.'"

सुभेदार मटकन खाली बसला. "आवाज तात्याचा आन बोलनं कलेक्टरचं. म्हस काय येडी हाय का?"

त्याच येळंला सोप्यातनं, तात्याच्या खाटंकडनं एक आवाज आला. हुं का हुक, असा. खोकल्यावानी. मास्तर म्हनलं, "ते स्नायू आपोआप हलतात."  पर तात्याला मी लंगोटीपासनं वळखतुय. त्यो हसाय लागला की आदी तसाच हुकायचा.

*

मी मंग पाळत ठिवली. तात्यावर न्हवं, मास्तरांवर.

कारन मास्तर रोज दिस बुडायच्या आत तात्याकडं जायचं. एकटंच. खाटंशेजारी खुर्ची वडायची आन बसायचं. आत कोन न्हाई म्हननारा मानूस रोज कुनाला भेटाय जातुय? एक दिस मी खिडकीखाली वैरनीच्या पेंड्यांमागं दडलो.

मास्तर बोलत हुतं. बारीक, लागोपाठ, शाळंतल्या पोरानं गुन्हा सांगावा तसं. समदं काय ऐकू आलं न्हाई, कोयना मधीच वरडत हुती. शेवटचं तेवढं नीट आलं.

मास्तर तात्याच्या कानाशी वाकलं आन म्हनलं, "कुणाला सांगू नकोस."

मी तितंच त्वांडात पेंडीची काडी कोंबली, हसू बाहीर पडू नी म्हनून. मानूस आत न्हाई म्हंतुय, आन त्यालाच म्हंतुय कुनाला सांगू नगं.

कट्ट्यावर मी सुभेदाराला सांगितलं. त्यो म्हनला, "मास्तर डबल एजंट हाय."

*

दिवाळी आली. इलास आला, लोणंदचा यापारी टेंपू घिऊन दारात हुबा. कोयना त्या टेंपूकडं बगून पाय आपटाय लागली. सोप्यात तात्या खाटंवर, उशीला टेकून बसिवल्याला. आमी तिघं सतरंजीवर. आक्काबी काठी टेकत आली. तात्या गावातनं चालला म्हंजी निरोप तर घ्यायाय पायजे.

वैनीनं पोहं केलं. आमाला कांदाबटाट्याचं, मास्तर-आक्कास्नी येगळ्या कढईतलं. तात्याचं ताट त्याच्या मांडीवर ठिवलं. भरवायची तीच, पर ताट मातुर त्याच्याम्होरं ठिवायची. घरच्या मालकाचं ताट म्हनायची.

इलास खाटंच्या कडंला बसला. "बाबा, ऐकू येतंय? कळत असेल तर डावा हात उचला."

तात्या आढ्याकडं बगतुया.

"बाबा, डोळे मिटा एकदा. तुम्हाला इथं राहायचंय का?"

कायच न्हाई. वैनीनं हातातली पळी खाली ठिवली. "ग्यानबा, आवं उचला की वं हात," ती म्हनली. जल्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आज घेतलं, तरी हात हालंना.

सुभेदार माझ्या कानात म्हनला, "आर्डर मानायची सवंच न्हाई त्याला."

इलास उठला. डोळं पुसलं. "सर, सांगा आता."

मास्तरांनी घसा खाकरला. ताट हातात तसंच. सगळ्यांची नजर मास्तरांकडं.

आन तवा तात्याचा डावा हात हालला. कुनी सांगितल्यालं नसताना. सोताच्या ताटात गेला, पोहं चिवडलं, लय धडपडला. एक बटाट्याची फोड धरली. ती निसाटली. परत धरली. आन हात लांब करून ती फोड त्यानं मास्तरांच्या ताटात टाकली. मंग मास्तरांकडं बगत बसला.



इलास रडत म्हनला, "बघितलंत? सगळ्या गावाला माहितेय सर बटाट्याला शिवत नाहीत. चाळीस वर्षांचा दोस्त, ह्यांना तेवढं सुद्धा आठवत नाही. संपलंय सगळं आई."

यापारी दारातनं म्हनला, "सोडू का म्हस?"

"आण्णा," आक्का म्हनली, "ते ताट ठिव बाजूला. आजारी मानूस हाय, चुकून झालं. पारू, दुसरं दे त्याला."

वैनी ताट घ्याय वाकली. मास्तरांनी ताट सोडलं न्हाई. ती फोड बगत बसलं. मंग तात्याकडं बगितलं. तात्याच्या त्वांडाची डावी बाजू वाईच वर गेल्याली. मंग आक्काकडं बगितलं. त्या बगन्यात मास्तर केवढ्यानं म्हातारं झालं, मी सांगू शकत न्हाई.

"विलास," म्हनलं, "टेंपो परत पाठव. ह्याला सगळं कळतंय."

"कशावरून सर?"

मास्तरांनी ताट मांडीवर ठिवलं. "मी बटाटा खातो. सांगलीला गेलो की स्टँडवर वडा खातो. किती वर्षं झाली. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त ह्याला सांगितलं होतं. ह्या खाटेवर पडल्यावर."

कोयना बाहीर वरडली. 

मंग खाटंकडनं त्यो आवाज आला. हुक. हुक हुक. तात्याचं सगळं अंग हालाय लागलं, डोळ्यातनं पानी, अर्ध्याच त्वांडानं हसतुया. सुभेदार सुटला, मी सुटलो. इलास बापाच्या छातीवर डोस्कं ठिवून हसतुय का रडतुय कळंना. मास्तर तेवढं मान खाली घालून बसल्यालं.

टेंपू रिकामा गेला.

आमी चौगांनी खाट उचलून गोठ्यात न्हेली, इलासनं म्होरला कोपरा धरला. तात्याचा डावा हात कोयनेच्या पाठीवर ठिवला. थाप कसली, निस्ता हात पडला. जीब काय टकटकली न्हाई. कोयनेनं मान वळवून वास घेतला, लांब उसासा सोडला. वैनी खाली बसली, आन बादलीत धार वाजाय लागली. आता ती तशीच देती. हात तात्याचा पाठीवर पायजे, कासंला कुनीबी चालतंय. कसं, ते मास्तरांस्नी इचारू नका. ते सायन्सचा इषय काडत न्हाईत हल्ली.

वैनीनं त्या धारंच्या दुदाचा च्या टाकला. सगळ्यांस्नी दिला. पैला कप आक्काला.

आक्कानं कप नाकाशी न्हेला. लय दिसांनी त्यो वास आला तसं तिनं डोळं मिटून घेतलं. मंग तिनं कप खाली ठिवला आन हळूच सरकवला.

वैनी म्हनली, "आक्का, आवं कोयनेचंच हाय. आत्ताचं."

"व्हय गं बाय," आक्का म्हनली. "म्हनूनच."

मास्तर काय तरी म्हनाय गेलं. आक्कानं त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला, लहान पोराच्या फिरवत्यात तसा, आन काठी घिऊन उठली.

तवाधरनं आक्का कोरा च्या पिती.